चार राखणदार आणि एक पखवाज

मुलांनो, एक कल्पना करू. तुमची सगळ्यांत आवडती मैत्रीण घ्या, किंवा मित्र. तिला उचला आणि दुसऱ्या गावी नेऊन ठेवा, एसटीनं निघालात तर दुपारचं जेवण चुकेल इतक्या लांब. आता ती तिथे बसून गाते आहे आणि तुम्ही इथे बसून तिच्या गाण्याला ठेका देता आहात. दोघांच्या मध्ये वेळेचं केसभरही अंतर नाही.

आजच्या फोनवर हे करून बघाल तर फजिती होईल. करूनच बघा. दोघांनी फोन लावून एकदम टाळ्या वाजवायच्या ठरवा. तुमची टाळी तिच्याकडे उशिरा पोचेल, ती तुमच्यासाठी थांबेल, तुम्ही तिच्यासाठी थांबाल, आणि थोड्याच वेळात दोघंही भांडायला लागाल. पण ही गोष्ट आजची नाही. तुमच्यापैकी कुणाच्या तरी डोक्यावर पहिला पांढरा केस येईल, तेव्हाची आहे. तेव्हा घराघरांत सूरजोड आलेली असेल.

शलाका धुरी त्या काळातली. वय अकरा. कुडाळच्या पुढे शिरवणवाडी नावाच्या लहानशा वाडीत राहायची आणि पखवाज वाजवायची. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, म्हणजे आवाज घुमतो. ती किती लावायची हे शलाकाच्या बोटांनाच कळायचं. तिची मैत्रीण केतकी परब गायची. कोकणात डबलबारी नावाचा भजनाचा सामना असतो. दोन भजनी मंडळी समोरासमोर बसतात, गाण्यातून एकमेकांना प्रश्न घालतात, चिमटे काढतात, आणि शेवटी गजर होतो. गजरात गाणं इतकं वेगानं चढतं की पखवाज जरा मागे पडला तरी गाणाऱ्याचा पाय घसरलाच. मुख्य गाणाऱ्याला बुवा म्हणतात. मुलगी असली तरी बुवाच. म्हणून केतकी ही केतकीबुवा, आणि बुवाच्या डाव्या हाताला शलाका. पहिलीत असल्यापासून ती जागा शलाकाची होती. त्या जागेवर दुसरं कुणी बसेल असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

मग केतकीच्या आईची बदली चिपळूणच्या दवाखान्यात झाली.

"रडतस कित्याक गो?" निघताना केतकी म्हणाली. "सूरजोड आसा मां!"

ही सूरजोड कशी चालते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आवाज हवेतून जातो तेव्हा तसा आळशीच असतो. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायला त्याला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. तेवढ्याच वेळात काचेच्या तंतूतून धावणारा प्रकाश दोन हजार किलोमीटर जातो. म्हणजे केतकीचा आवाज प्रकाशावर बसवून पाठवला, तर चिपळूणची केतकी शलाकाच्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखीच झाली. अडचण वाटेत नसतेच. अडचण असते दोन्ही टोकांच्या संगणकांत, कारण आवाज बांधायला आणि सोडायला ते वेळ खातात. सूरजोडनं तो वेळ जवळजवळ शून्यावर आणला. ती आवाजाच्या बारीक बारीक चकत्या करते, काकडीच्या करतो तशा, आणि एकेक चकती लगेच पाठवून देते.

एखादी चकती उशिरा आली तर? तर सूरजोड गप्प राहत नाही. ती अंदाज बांधते. केतकी रोज कशी गाते हे तिला माहीत असतं, त्यावरून ती आत्ता काय गात असेल ते ठरवून तेवढी फट भरते. तुमचा मित्र बोलता बोलता अडला तर पुढचा शब्द तुम्ही सुचवता ना, तसंच. एखाददुसरी चकती अशी भरली तर कुणाला कळतही नाही.

पहिले काही महिने कुणाला काही कळायची गरजच पडली नाही. शाळा सुटली की शलाका माजघरातल्या संगणकासमोर पखवाज घेऊन बसायची, तिकडून केतकी आलाप घ्यायची, आणि चिपळूण अंगणाच्या पलीकडे आल्यासारखं वाटायचं.

शलाकाचे बाबा, विश्राम धुरी, काजू सोलून वाळवायचा छोटा कारखाना चालवत. भट्टीची आच घरातलाच संगणक सांभाळायचा. एकदा पलीकडच्या वाडीत कुणाच्या तरी संगणकात विषाणू शिरला आणि त्याच्या भट्टीतला सगळा काजू कोळसा झाला. बाबांनी धसका घेतला. त्यांच्या संगणकाला कंपनीनं दिलेला एक राखणदार होता. विषाणू हुडकणाऱ्या सॉफ्टवेअरला तेव्हा सगळे राखणदारच म्हणत. केबलवाल्यानं एक फुकट टाकून दिला होता, तो दुसरा. आता बाबा आठवड्याच्या बाजारातून आणखी एक पाकीट घेऊन आले.

"सुक्या बांगड्यांच्या बाजूक एक जण इकत होतो," ते खुशीत म्हणाले. "एकार एक फुकट. आणि वर ही बॅटरी!"

"अहो, आधीचे दोन आहेत ना?" आई म्हणाली. "ते काढा तरी."

बाबांनी कानाला हात लावला. "असलेल्या राखणदाराक कोण उठवता? नवो इलो तर तेकाव एक पान वाढूचा. जागा काय कमी आसा?"

कोकणात गावाला राखणदार असतो, हे तुम्हांला माहीत असेल. वडाखाली, बांधावर, कुठेतरी त्याची जागा असते, आणि त्याला तिथून कुणी हलवत नाही. माणसांच्या या जुन्या रीतीत भलेपणा आहे. पण संगणकातला राखणदार वडाखाली गप्प बसून राहत नाही. तो काम करतो, आणि त्या कामाला संगणकाची ताकद लागते.

त्याचं काम असं. ओळखीच्या चोरांच्या अंगठ्यांचे ठसे त्याच्या खिशात असतात. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा ठसा तो त्यांच्याशी ताडून बघतो. चांगला राखणदार एकदा तपासलेली वस्तू लक्षात ठेवतो, घरच्या माणसाला रोज अडवत नाही. बाजारातल्या त्या स्वस्त पाकिटातल्यांना लक्षात ठेवायला शिकवलेलंच नव्हतं. ते सकाळी तपासलेलं दुपारी पुन्हा तपासायचे. आणि एका दारात दोन राखणदार उभे केले की काय होतं? पहिला एक फाइल उघडतो. दुसरा म्हणतो, हा का उघडतोय? म्हणून तोही उघडतो. पहिला म्हणतो, आता हा का आला? शिवाय दोघांच्या खिशात चोरांचे ठसे! म्हणजे दोघंही एकमेकांना चोर समजणार. शलाकाच्या संगणकात असे चार जण होते.

सूरजोडच्या चकत्या त्या चौघांच्या हातांतून जाऊ लागल्या. जाणाऱ्याही आणि येणाऱ्याही, उशिरा, आणि मग आणखी उशिरा. फटी इतक्या वाढल्या की सूरजोड तेच तेच अंदाज पुन्हा पुन्हा भरू लागली.

अशातच एका संध्याकाळी केतकीच्या आवाजामागे शलाकाला दुसरा पखवाज ऐकू आला. एकच थाप, पण भरलेली.

"कोण गो ता?"

"पर्णिका. शेजारच्याच घरात राहते," केतकी म्हणाली. "तिचो हात बघ गो, काय गोड आसा!"

"माझी कणीक सुकली," असं म्हणून शलाकानं सूरजोड बंद केली. कणीक ओलीच होती.

त्या दिवसापासून तिला पर्णिका सगळीकडे ऐकू येऊ लागली. केतकी हसली की वाटायचं, पर्णिका काहीतरी बोलली असणार. केतकी उशिरा आली की वाटायचं, पर्णिकाकडे गेली असणार. आणि आता वाजवताना केतकी तालात येईना. शलाकानं सम गाठली की केतकी मागून रेंगाळत यायची, गळ्याची तीच हरकत, त्याच जागी, जणू मन दुसरीकडे ठेवून गात होती. तिच्याबरोबर बरी जमते तुझी, शलाका मनात म्हणायची. माझ्यासोबतच नाही जमत.

चौथ्या राखणदाराच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'कुणावरही नजर ठेवा!' हा राखणदार ओळखीच्या माणसांनाही गुण द्यायचा, शंभरापैकी विश्वास किती. शलाकानं केतकीचं नाव निवडलं आणि 'नजर'चं बटण दाबलं.

आता तो आवाज ओळखून केतकीची प्रत्येक चकती उघडून, उलटीपालटी करून बघू लागला. त्यामुळे चकत्या फारच उशिरा पोचू लागल्या. आणि या राखणदाराला एवढंच शिकवलं होतं की जे उशिरा येतं ते संशयाचं. उशीर करायचा त्यानं, आणि गुण कापायचे केतकीचे! साठ झाले, चाळीस झाले. शलाका शाळेतून आली की आधी तो आकडा बघायची. आकडा उतरला की तिला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. बघा, मी म्हणतच होते.

गुण आणखी उतरले तेव्हा राखणदारानं केतकीचे सूरजोडवरचे फोन वाजू द्यायचेच बंद केले. शलाकाला वाटलं, विसरली.

जत्रा जवळ आली. मुलांची डबलबारी तिथेच व्हायची होती. जत्रेसाठी केतकी गावी आली, आणि येताना पर्णिकाला घेऊन आली. उंच मुलगी, दातांना तार, काखेत पखवाज. तिनं वाकून "नमस्कार काका" म्हटलं आणि बाबा विरघळले. त्यांनी तिच्या ओंजळीत अख्खे काजूगर घातले. धुऱ्यांच्या घरात घरच्यांना कायम तुकडाच मिळायचा. अख्खे विकायला असत. शलाकानं ते बघितलं आणि गिळलं.

"शले, फोन कित्याक घेणस नाय?" केतकी म्हणाली.

"वाजलो तर घेईन ना!"

"रोज लावतंय मी!"

"होय? माका काय म्हाईत?"

भांडण तिथेच पेटलं असतं, पण पर्णिकानं मध्येच विचारलं, "तुम्ही दोघी एकदा समोरासमोर वाजवता का? मला ऐकायचंय."

दोघी फुगलेल्या चेहऱ्यांनी ओसरीवर बसल्या. केतकीनं गजर उचलला, शलाकानं थाप दिली, आणि गाणं सरळ चढत गेलं. कुठे अडलं नाही. मध्येच थांबून केतकी तिच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तुका येता!"

"न यायला काय झालंय?"

"मग सूरजोडवर असं का वाजवतेस?" पर्णिका म्हणाली. "तिकडे तुझी एकेक थाप तश्शीच्या तश्शी पुन्हा ऐकू येते. माणसाला दोनदा अगदी सारखं वाजवता येत नाही. मला वाटलं, रागानं मशीन लावून निघून जातेस."

"मी? मशीन? तीच तर मेल्यासारखी गाते!"

पर्णिकानं वेणीचं टोक चावलं. ती विचार करताना असं करायची, आणि शलाकाला तेही आवडलं नाही. "अंतरामुळे होत असेल," ती म्हणाली, "तर जवळून नीट व्हायला हवं. आपण बघू या."

मुलांनो, ही पोरगी फार शहाणी होती. तर्क करून ती थांबली नाही, तर्क खोटा पाडायचा रस्ता तिनं शोधला. केतकीचं जुनं घर अंगणाच्या पलीकडेच होतं. केतकी आणि पर्णिका तिकडे गेल्या आणि शलाकानं इकडून सूरजोड लावली. नुसती हाक मारली तरी पोचेल एवढं अंतर, पण गाणं तसंच लंगडत आलं. म्हणजे दोष चिपळूणच्या लांबीचा नव्हता. तो कुठल्यातरी एका घरात होता. केतकीकडून पर्णिकाच्या चिपळूणच्या मावशीला जोडून बघितलं तर सगळं छान. राहिलं शलाकाचं घर.

"राखणदार किती आहेत?" पर्णिकानं पलीकडून ओरडून विचारलं.

"चार!" बाबांनी अभिमानानं सांगितलं.

"काका, एकच ठेवा. पण सगळे एकदम काढू नका. एकेक काढा, आणि दर वेळी वाजवून बघू. नाहीतर कुणामुळे होत होतं ते कळणार नाही."

बाबांचा चेहरा पडला. "उठवूचा कसा? एवढे दिवस राखण केल्यानी."

"गाऱ्हाणा घाला मगे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. देवाला किंवा राखणदाराला हात जोडून विनवतात, त्याला कोकणात गाऱ्हाणं घालणं म्हणतात. तिला थट्टा करायची होती. बाबांना ते पटलं.

ते संगणकासमोर हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पलीकडच्या घरातून दोघी ओरडल्या.

"ह्यो जो केबलवाल्यान दिलेलो राखणदार आसा, तेना आजवर आमच्या काजूगराची राखण केली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तेका आमी मानान निरोप देतव. तेना काय मनात धरू नये, आणि जाताना भट्टी इजवू नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शलाकालाही हसू फुटलं. तो निघाला तशी चकत्यांची गर्दी थोडी सुटली. मग बाजारातल्या दोघांपैकी एकालाही निरोप दिला. आता पर्णिकाचा आवाज तिच्याशेजारी बसल्यासारखा स्वच्छ आला. ठेका जुळला. पण केतकी गाऊ लागली की पुन्हा अडखळ.

"नवल आसा," बाबा म्हणाले. "घर एक, तार एक. चिपळूणच्या चेडवाचा बरा येता, आणि आमच्या केतकीचाच कित्याक अडाकता?"

शलाकाला कळलं होतं. ती काही करणार त्याआधी केतकी अंगण ओलांडून आत आली होती आणि पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर तिचं नाव होतं. 'केतकी परब. नजरेखाली. विश्वास: नऊ.'

"नऊ?" केतकी म्हणाली. "शंभरातले?"

शलाकानं पडद्यावर हात ठेवला.

"नजर तू लावलंस?"

"तू तिचा हात गोड म्हणालीस."

"गोड आसाच! मी तुझो कडू म्हटलंय?" केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती ते लपवायला मागे फिरली. दारात थांबून म्हणाली, "डबलबारीसाठी नावं काल दिली मी. पखवाज पर्णिका. आता बदलणत नाय. माका वाटला, तुका माझ्यासोबत वाजवूचाच नाय."

ती गेली.

शलाकानं चौथा राखणदार स्वतः काढला. गाऱ्हाणं न घालता. कंपनीनं दिलेला पहिला तेवढा ठेवला, कारण दाराला राखणदार हवाच. एक, चांगला, आणि घरच्यांना ओळखणारा. मग ती पखवाज मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. आता सगळं स्वच्छ चालत होतं आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. समोरच्या घरातून दोघींचा सराव ऐकू येत होता. खिडकीतून येत होता, हवेतून, आळशी आवाजानं, आणि तरी तो तालात होता. पर्णिकाचा हात खरंच गोड होता. यात संगणकाची काही चूक नव्हती. हे राखणदार काढून जाणारं दुखणं नव्हतं.

गजराच्या शेवटी सराव अडला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा तिथेच अडला.

मग सूरजोड वाजली. या वेळी खरंच वाजली. पलीकडे पर्णिका होती आणि हळू बोलत होती.

"शलाका, केतकी पाणी प्यायला गेलीये. तिला सांगू नकोस मी विचारलं ते. गजर संपवणारा तो शेवटचा तोडा मला येत नाही. तो तू बांधलास ना?"

"होय."

"मी तो ऐकूनच शिकले. पण मी ऐकला तो सगळा मशीनचा अंदाज होता. तुझा खरा मी कधी ऐकलाच नाही." ती आणखी हळू बोलू लागली. "केतकी त्याच्यावरच श्वास घेते. चुकला तर जत्रेत सगळ्यांसमोर पडेल ती. तुझी मर्जी. मी तुझ्या जागी असते तर मला नसता सांगावासा वाटला."

शलाकानं ओठ दाबले. तो तोडा जगात एकाच माणसाला येत होता. समेच्या आधी त्यात एक बोल मुद्दाम गाळलेला होता, केतकीला श्वास घेता यावा म्हणून. तिथे एक थाप जास्तीची मारून दाखवली असती तर कुणालाच कळलं नसतं. पर्णिकाला नाही, केतकीला नाही. जत्रा होईपर्यंत नाही.

तिनं कणकेचा गोळा भिजवला, डाव्या तोंडाला लावला, आणि पखवाज माइकजवळ ओढला. तोडा सावकाश वाजवला, सबंध, गाळलेल्या बोलासकट. त्या रिकाम्या जागी हात हवेत धरून ठेवला आणि म्हणाली, "इथं काय वाजवूचा नाय. इथं ती श्वास घेता."

पर्णिकानं तो पहिल्याच खेपेला अगदी बरोबर वाजवला.

शलाकानं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"परत," ती म्हणाली.